गळक्या मोटारीचे आबा

डोंगरकड्यात आबांचं घर कुणाला विचारावं लागत नसे. वेशीत शिरलं की रस्त्यावर काळे थेंब दिसायला लागत. त्या थेंबांच्या मागं मागं चालत जायचं. थेंब दाट होत जायचे, मग त्यांची रेघ व्हायची, आणि रेघेचं जिथं डबकं होई तिथं आबा असायचे. उकिडवे बसलेले, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, एका हातात पितळी ताटली, आणि मान वाकडी करून नजर मोटारीच्या पोटाकडं. पाहुणा येवो की तहसीलचा माणूस, मान सरळ होत नसे. खालूनच म्हणायचे, "कोण हाय? बसा. एवढा थेंब पडू द्या, मग बोलू."

माझं कापडाचं दुकान त्यांच्या अंगणासमोरच होतं. त्यामुळं त्या मोटारीचा प्रत्येक थेंब माझ्या डोळ्यांदेखत पडलेला आहे. मी खोटं बोलत नाही. आबांच्या बाबतीत खरं जरा फुगवून सांगतो एवढंच, कारण घडलं तेवढंच सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

आबा काळ्या रानाचे धनी. हळदीच्या हंगामात त्यांच्या मळ्यातल्या कढया पेटल्या की धुरानं अर्धं गाव पिवळं दिसायचं. माणूस धिप्पाड, मिशा अशा की बोलताना आधी मिशा हलायच्या आणि शब्द मागून यायचे. आणि प्रत्येक बोलण्याची सुरुवात एकच: "इलाज हाय त्याच्यावर." जगात असं दुखणं नव्हतं ज्यावर आबांकडं इलाज नव्हता. माजलेल्या बैलावर होता, रुसलेल्या जावयावर होता, गळक्या छपरावर होता. उचकी लागलेल्या माणसाच्या कानाशी ते मोटारीचा भोंगा वाजवायचे. उचकी जागच्या जागी थांबायची. माणूस आठवडाभर बहिरा व्हायचा, पण त्याची तक्रार नसायची, कारण कुणी हालहवाल विचारलेलं त्याला ऐकूच येत नसे.

मोटार आली ती अशी. हिंगोलीला एक निवृत्त अधिकारी राहत. त्यांना शेतीचं वेड लागलं होतं आणि आबांना मोटारीचं. दोघांनी वेडं बदलून घेतली. आबांनी लाल कंधारी बैलांची आपली लाडकी जोडी दिली आणि मोटार घेऊन आले. टपाची, पितळी भोंग्याची, दोन्ही बाजूंना चढायला लांब फळ्या असलेली विलायती मोटार. तेव्हाच ती इतकी जुनी होती की तिच्यापुढं आमच्या गावचा पिंपळ कोवळा वाटायचा. पण चालत होती. आणि मुद्दाम सांगतो, तेव्हा ती गळत नव्हती.

पहिल्या संध्याकाळी सगळं गाव अंगणात जमलं. आबांनी इंजिनावरचं झाकण उघडून हँडल मारलं. आत सगळं थरथरायला लागलं. इंजिनाच्या बाजूला बोटभर जाडीची एक नळी होती, तोंड उघडं, आणि तिच्यातून तेलकट वाफ फुक्‌फुक् करत बाहेर येत होती.

"ही काय भानगड?" आबा म्हणाले. "धूर जायला मागं नळी दिली हाय ना? मग ही मधीच कोण फुकून राहिली? थांबा. इलाज हाय."

ते घरात गेले आणि गयावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या मंडळींच्या, खोबरेलाच्या बाटलीचं बूच काढून आणलं. माझ्या दुकानातली चिंधी त्याला गुंडाळली, वितळलेल्या लाखेत बुडवलं, आणि लाकडी हातोडीनं ठोकून ते नळीच्या तोंडात बसवलं. वाफ बंद. गाव थक्क. मोटारीवरचा हा आबांचा पहिला इलाज. पुढं कितीतरी वर्षं ते अभिमानानं सांगत की बाकीचे इलाज मागं-पुढं झाले असतील, पण बूच मारलं ते मारलं, परत तिथून फुंकर म्हणून आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सारवायला अंगणात आल्या. मोटारीखाली काळ्या तेलाचा पहिला थेंब पडला होता.

"फसवलं त्या अधिकाऱ्यानं," आबा म्हणाले. "गळकी मोटार गळ्यात मारली. पर असू द्या. इलाज हाय."

वहिनींबद्दल सांगायला पाहिजे. बांध्यानं लहान, आवाज त्याहून लहान, पण त्या आवाजात बोललेलं वाक्य आबांच्या मिशांपर्यंत पोचलं की मिशा खाली यायच्या. अंगण सारवणं ही त्यांची सकाळची पूजा. गुळगुळीत, हिरवट, बोटांच्या अर्धगोल लाटा उमटलेलं अंगण, आणि त्याच्या मधोमध रोज काळं डबकं. "तुमची बाई माझ्या अंगणात थुकून राहिली," त्या म्हणायच्या. मोटारीला आबा 'बाई' म्हणत, ते वहिनींनी असं उचललं होतं. दुसरं मागणं बुचाचं. बाटलीच्या तोंडाला त्या चिंधी कोंबून ठेवायच्या, ती तेल पिऊन टाकायची, बाटली आडवी झाली की सगळं फडताळ चिकट. दर दिवाळीला, अभ्यंगाच्या वेळी, त्या म्हणायच्या, "माझं बूच द्या." आबा म्हणायचे, "तेवढं एकच ठिकाण कोरडं हाय ग बाई, तिथं हात लावू नको."

त्या थेंबांनी आबांचं खोटं बोलणंही बंद केलं. आबांचा शनिवारचा उपास असायचा. एका शनिवारी, हळदीचे कंद बघायला जातो, म्हणून मोटार घेऊन गेले. संध्याकाळी वहिनी दारात उभ्या राहून फक्त रस्त्याकडं बघत होत्या. रेघ मळ्याकडं वळलीच नव्हती. ती सरळ आबांच्या दोस्ताच्या बाभळीखाली जाऊन थांबली होती आणि तिथं चांगलं तांब्याएवढं डबकं होतं. चुलीची राखही होती, पिसंही.

"कंद चांगले शिजले का?" वहिनींनी विचारलं.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. पोटात जागाच नव्हती ही गोष्ट वेगळी.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मध्येच शिरड शहापूर आलं.

शिरड हे वहिनींचं माहेर. मोटार आल्यावर पहिल्याच संक्रांतीला दोघं मोटारीनं तिकडं गेले. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं अंगण सारवलेलं, ठिपक्यांची रांगोळी काढलेली. मोटार थेट रांगोळीच्या कडेला उभी केली. सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन आल्या, पाव्हणेरावळे बघत उभे, आणि टप्प. रांगोळीतल्या मोराच्या डोक्यावर काळा थेंब.

आबांचा मेहुणा विठ्ठलराव जिभेचा सैल. भर पंगतीत म्हणाला, "दाजी, मोटार नामी हाय. पर हिला लंगोट काहून न्हाई बांधला?"

पंगत हसली. म्हणतात की ते हसणं औंढ्यापर्यंत ऐकू गेलं. आबा ताटावरून उठले नाहीत, पण हात धुताना सगळ्यांसमोर बोलले: "ही गळायची थांबंल तवाच ह्या दारात पाय ठेवीन. आन गया बी येईल ती ह्याच मोटारीतून. बैलगाडीतून न्हाई."

त्या वेळी वहिनींनाही ते पटलं होतं. नवऱ्याचं हसं झालेलं कुणाला आवडतं? पण रागाला वय नसतं, आईला असतं. एक संक्रांत गेली, दुसरी गेली. नागपंचमी आली की गावातल्या पोरी माहेरी निघायच्या आणि वहिनी दाराच्या चौकटीला टेकून त्यांच्या गाड्या मोजायच्या. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडायच्या, "जावयाला म्हणावं, अंगण माझं हाय. गळंल तर मी सारवीन." आबा निरोप ऐकायचे, ताटली उचलायचे आणि मोटारीखाली शिरायचे. आता ते नुसतं तेल थांबवत नव्हते. बायकोच्या माहेरची वाट त्यांनी स्वतःच्या जिभेनं अडवली होती, आणि ती उघडायला त्यांच्याजवळ हा एकच रस्ता उरला होता.

इस्माईलभाई आमच्या गावात मोटा आणि पखाली शिवायचे. त्यांच्या हातची मोट विहिरीतून वर येताना पाण्याचा एक थेंब सोडत नसे. आबांनी त्यांना बोलावलं. इस्माईलभाईंनी मोटारीभोवती एक फेरी मारली, दाढी खाजवली.

"आबा, पखाल क्या और मोटर क्या. गलने का तरीका एकीच है. जोड पे चमडा बिठाना, बस."

"बिठवा," आबा म्हणाले.

इस्माईलभाई खाली शिरले. इंजिनाचं पोट जिथं वरच्या भागाला जोडलंय तिथं मेण लावलेल्या कातड्याची पट्टी बेतून बसवली. इतकं सुबक काम की मोटारीनं कमरपट्टा घातल्यासारखं वाटावं. आबांनी हँडल मारलं. पुढून गळत होतं ते बंद झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मागून गळायला लागलं. मागं पट्टी लावली तर बाजूनं. बाजूला लावली तर जिथून आजवर कधी गळलं नव्हतं अशा एका खिळ्याच्या डोक्यातून बारीक पिचकारी उडाली, ती नेमकी इस्माईलभाईंच्या दाढीत.

ते बाहेर येऊन बसले, दाढी पिळली. "आबा, इधर बंद करा तो उधर से निकल रा. मेरेकू तो लगता, अंदर बैठके कोई ढकेल रा है."

"कोण ढकलंल?"

"मेरेकू क्या मालूम. पन ये मोटर नै है, मेरी सास है. एक मूं बंद करे तो दूसरे से बोलती."

आत बसून कुणी तरी ढकलतंय हे आबांना मात्र पटलं. त्यांनी त्याच दिवशी मोटारीवरून लिंबू-मिरच्या उतरून टाकल्या, इंजिनाला शेंदूर लावला, बुचावर तर जरा जास्तच, कारण तेवढंच काय ते इमानदार ठिकाण. मीही बघत होतो. इस्माईलभाईही बघत होते. आम्ही तिघं शहाणी माणसं त्या बुचाकडं कौतुकानं बघत बसलो होतो.

मग लढाईचे दिवस आले. इंजिनाचं तेल मिळेना. जेवढं आत घालावं तेवढं अंगणात. आबा म्हणाले, "इलाज हाय," आणि घाण्यावरून करडईचं ताजं तेल आणून इंजिनात ओतलं. मोटार चालली. पण तापल्यावर तिच्या धुराला भज्यांचा वास यायला लागला. एकदा आबा बाजारच्या दिवशी हिंगोलीला गेले, तर वाटेतल्या गावातून लग्नाची वरात चालली होती. मोटार पुढून गेली आणि वरातीतले निम्मे लोक वास धरून मोटारीमागं चालायला लागले. पुढच्या गावात पोचेपर्यंत वाजंत्रीवालेसुद्धा आबांच्या मागं आणि नवरदेव एकटा घोड्यावर. हे मला आबांनी सांगितलं. नवरदेव आमच्या गिऱ्हाइकांपैकी, मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "घोडं बी गेलं असतं, मी लगाम धरला म्हणून."

करडईचं तेलही गळालंच. फक्त आता डबक्याभोवती मुंग्या आणि कुत्री जमायला लागली आणि वहिनींचा झाडू दिवसभर हातात राहिला.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा इलाज चुन्याचा. जुन्या विहिरींना आणि हौदांना गवंडी जो लेप देतात, चुना, गूळ आणि बेलफळाचा गर घोटून केलेला, तो आबांना मोटारीच्या पोटाला द्यायचा होता. बरं, लेप द्यायचा तर पोट वर पाहिजे. मग घराशेजारच्या चिंचेच्या फांदीवर मोटेचं चाक बांधलं, मोटेचाच नाडा, म्हणजे जाड दोर, मोटारीच्या पुढच्या भागाला आवळला, आणि बैलांची जोडी नाड्याला जुंपली. विहिरीवर बैल उतरणीला गेले की मोट वर येते. तसेच हे बैल सवयीनं चालू लागले आणि मोटारीचं नाक आभाळाकडं वर गेलं. नांदेडच्या बाजूनं येणारा एक वाटसरू अपघात झाला असं वाटून लांबूनच हात जोडून म्हणाला, "कुणी गेलं का हो?" आबा खालून म्हणाले, "अजून न्हाई. लेप द्यायला लागलोय."

लेप वाळायला पंधरवडा गेला, मग मोटार खाली उतरवली. मोटारीचं पोट पांढरंशुभ्र, दगडासारखं. आबा येईल त्याला बोट लावून दाखवायचे. माझ्या आठवणीत तेवढे दिवस ते सरळ मानेनं चालले.

आणि लेप वाळला नेमक्या त्याच आठवड्यात शिरडहून विठ्ठलरावांचा गडी आला. अंगणातच उभा राहिला, पाणीही घेईना. म्हणाला, "आजीनं जेवण टाकलंय. झोपूनच हाय. गयाक्का आली का, गयाक्का आली का, एवढंच इचारून राहिली."

वहिनी दारात होत्या. आबा उठले. मोटारीपाशी गेले, पितळी ताटली खाली सरकवली आणि हँडल मारलं. इंजिन धडधडायला लागलं. आम्ही सगळे वाकून त्या पांढऱ्या पोटाकडं बघत होतो. लेपावर आधी केसाएवढी चीर आली. मग ती काळी झाली. मग तिच्या टोकाला थेंब धरला, लोंबला, आणि ताटलीत पडला.

त्या ताटलीचा आवाज मी कधी विसरणार नाही. आजवर तो हसण्याचा होता.

आबांनी इंजिन बंद केलं. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, इलाज हाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते म्हणाले नाहीत. गड्याकडं न बघता बोलले, "गाडी जुंप. गयाला घेऊन जा शिरडला."

"आन तुमी?" वहिनींनी विचारलं.

"माझी शपथ माझ्यापाशी. तू जा." आणि ते ओट्यावर मोटारीकडं पाठ करून बसले. आबा मोटारीकडं पाठ करून बसलेत हे दृश्य मला इतकं चमत्कारिक वाटलं की मी दुकान उघडं टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

वहिनींची बांधाबांध ती किती? एक लुगडं, भाकरी, आणि ती खोबरेलाची बाटली. आईचं डोकं पहिल्यापासून वहिनीच चोळायच्या. दुसऱ्या कुणाचा हात म्हातारीला चालत नसे. पण दिवसभराचा गाडीचा प्रवास, धक्के, आणि बाटलीला बूच नाही. वहिनी बाटली हातात धरून क्षणभर अंगणात थांबल्या. मग चुलीजवळची सांडशी घेऊन सरळ मोटारीपाशी आल्या. झाकण उघडंच होतं. शेंदरानं लाल झालेलं ते बूच त्यांनी सांडशीत धरलं आणि गदागदा हलवून उपटलं. फट्ट. गोटी सोड्याची बाटली फुटावी तसा आवाज झाला.

आबांनी मान वळवली नाही. मी बघितलं, तर वहिनी माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "बूच माझं हाय." पदरानं पुसलं, बाटलीला घट्ट बसवलं आणि गाडीत जाऊन बसल्या.

गाडी वेशीबाहेर गेली. घुंगरांचा आवाज बारीक होत गेला. आबा उठले.

"कापडवाले, हँडल मारा."

"आबा, शपथ?"

"दारात पाय ठेवणार न्हाई म्हणलो. दारापर्यंत जाणार न्हाई असं म्हणलो काय? वाटंत बैल बसला तर? चाक निखळलं तर? मागं मागं जाऊ नुस्तं."

तर अशी आमची वरात निघाली. पुढं बैलगाडी, तिच्या धुळीत मागं मोटार, मोटारीत आबा आणि मी. बैलाच्या चालीनं मोटार चालवायची म्हणजे तिचा दम कोंडायचा, म्हणून थोडं जायचं, थांबायचं. प्रत्येक थांब्याला आबा सवयीनं ताटली घेऊन खाली वाकायचे.

पहिल्या थांब्याला ताटली कोरडी राहिली. आबांचा चेहरा उतरला. "तेल संपलं," म्हणाले. तेल बघितलं तर भरलेलं. दुसऱ्या थांब्याला ताटली कोरडी. तिसऱ्याला आबा मोटारीखाली पूर्ण शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी वाकून विचारलं, "काय झालं?"

"कापडवाले, हिला काही झालं का हो?"

"गळत नाही, आबा."

"ते मला दिसून राहिलं. पर काहून?" त्यांचा आवाज घाबरलेला होता. घरातलं रडकं लेकरू एकाएकी गप्प झालं की आई जशी घाबरते तसा. "सकाळी गळत व्हती का न्हाई? तुमी बघितलं का न्हाई?"

"बघितलं."

"मग?"

मला कापडातलं कळतं. त्या चिरलेल्या चुन्याकडं आम्ही दोघं बघत होतो आणि चुना आमच्याकडं.

ओढ्याशी गाडी बैलांना पाणी पाजायला थांबली. वहिनी उतरल्या, मागं चालत आल्या. मोटारीशेजारी बसल्या, खाली वाकून बघितलं, चिरेवरून हात फिरवला आणि बोटं उन्हात धरली. बोटांना चुना लागला होता, तेल नव्हतं. मग उठून त्यांनी आबांना विचारलं, "बसू का?"

आबांनी तोंड उघडलं. मिशा हलल्या, पण मागून शब्द आले नाहीत. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून पुढची बैठक पुसली, परत पुसली, आणि बाजूला झाले. मी मागं सरकलो. वहिनी बसल्या, बाटली मांडीत धरून. आणि मग ती मोटार अशी सुटली की ओढ्यातलं पाणी आम्हांला बघायला दोन्ही काठांवर चढलं.

शिरडच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा दिवस अजून बराच वर होता. विठ्ठलराव बाहेर आले. काही बोलायच्या आधी मोटारीसमोर उकिडवे बसले. त्यांच्यामागं त्यांचे गडी बसले, शेजारी बसले. आबाही बसले, कारण सगळ्यात जास्त शंका त्यांनाच होती. आख्खं अंगण उकिडवं. एक थेंब पडेना.

विठ्ठलरावांनी उठून आबांचे हात धरले. "दाजी, चुकलं माझं. आत चला."

"थांब जरा," आबा म्हणाले. "अजून पडंल."

आतून म्हातारीचा आवाज आला, "गया आली का ग? भोंगा आयकला मी. गळती का अजून?"

वहिनी तोवर आत पोचल्या होत्या.

पुढं माझं दुकान हिंगोलीला हलवलं. तिथल्या मोंढ्यात हळदीची पोती वाहणाऱ्या एका लॉरीच्या ड्रायव्हरशी ओळख झाली. त्याला ही सगळी कथा हसत सांगितली, तर तो हसेना. म्हणाला, "साहेब, इंजिनालाही श्वास लागतो. ती नळी म्हणजे त्याचं नाक. नाक बूच मारून बंद केलं तर आतली वाफ जाणार कुठं? तीच तेलाला ढकलते. जिथं फट सापडेल तिथून." मला इस्माईलभाई आठवले. अंदर बैठके कोई ढकेल रा है. आबांनी पहिल्या दिवशी जे बूच मारलं, तेच इतकी वर्षं मोटारीच्या डोळ्यांतून, कानांतून, खिळ्यांच्या डोक्यांतून बाहेर पडत होतं.

एका सणाला डोंगरकड्याला गेलो तेव्हा हे वहिनींना एकट्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुपातले खडे निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना नका सांगू भाऊ. चुन्यानं थांबलं म्हणून गावभर सांगून राहिलेत. चार लोक लेप द्यायला बोलावून राहिले." सूप झटकून म्हणाल्या, "आन सांगितलं, तर परत बूच मागतील. नळी परत फुकून राहिली हाय ना, ती थांबवायला."

आबांना मी पुढंही भेटलो. पण माझ्या डोळ्यांत राहिलेत ते शिरडच्या दुसऱ्या सकाळचे. मला बैलगाडीबरोबर परत यायचं होतं. गाडी जुंपून झाली होती. अंगणात कोवळं ऊन पडलं होतं. म्हातारीनं रात्री पेज घेतली होती आणि सकाळी हट्ट धरला होता की मला जावयाच्या मोटारीत बसवा. आत बसवणं जमेना, म्हणून चढायच्या फळीवर बसवलं होतं. मागं वहिनी उभ्या राहून तिचं डोकं चोळत होत्या. बाटली शेजारी, बूच फळीवर ठेवलेलं. तेल इतकं घातलं होतं की म्हातारीचे पांढरे केस उन्हात चकाकत होते. आणि आबा मोटारीखाली. दोन पाय तेवढे बाहेर.

"कापडवाले, चाललात?" खालून आवाज आला.

"निघालो आबा. बाहेर या की आता."

"येतो. पर असं कसं हो? एखादा तरी पडायला पायजे का न्हाई?"

गाडी हलली. आणि तेवढ्यात खालून आरोळी आली, "पडला. कापडवाले, पडला."

आबा रांगत बाहेर आले. फळीखाली, ताज्या सारवणावर, थेंब होता. खरंच होता. त्यांनी बोटानं उचलला आणि कितीतरी वर्षांनी हरवलेलं माणूस भेटावं तशा चेहऱ्यानं नाकाशी नेला. हुंगला. कपाळाला आठ्या पडल्या. परत हुंगला. वर बघितलं, सासूच्या केसांच्या टोकाकडं, तिथं दुसरा थेंब धरत होता.

ते माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्याकडं. गाडी वळत होती. वहिनी हसू दाबत होत्या. आबांनी बोटाकडं एकदा पाहिलं, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि ते बोट स्वतःच्या टकलाला पुसलं.